आरएक्स १००: अर्ध्या मुठीवर इंजिन दबते, पूर्ण मुठीवर मात्र सुटते

वर्धारोडकर

नमस्कार. वडिलांनी १९९४ साली नागपुरातच घेतलेली यामाहा आरएक्स १०० मी आजही रोजच्या वापरात ठेवली आहे. सायलेंसर, त्यातली बॅफल नळी, एअर फिल्टरचा डबा आणि कार्ब्युरेटर या सर्व वस्तू मूळच्याच आहेत. आवाजासाठी किंवा वेगासाठी कोणताही बदल केलेला नाही.

तक्रार अशी की गाडी पहिल्या किकला सुरू होते, आयडलिंगला शांत चालते आणि ॲक्सिलरेटरची मूठ थोडी उघडेपर्यंत ओढही चांगली देते. परंतु तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३५ ते ४५ किलोमीटरच्या आसपास, मूठ साधारण एक तृतीयांशापासून अर्ध्यापर्यंत गेली की इंजिन दबते. आवाज जड होतो, मागून कोणी धरून ठेवावे तशी गाडी अडखळते, आणि मूठ पूर्ण पिळल्यावर क्षणभर घुसमटून एकदम सुटते. त्यानंतर वर तिला काहीच त्रास नसतो. सीताबर्डीच्या रहदारीत नेमका हाच टप्पा सारखा लागत असल्याने गाडी चालवणे नकोसे झाले आहे.

कार्ब्युरेटर उघडून साफ केला, प्लग नवा घातला, पेट्रोल कॉकची जाळी धुतली. एका मिस्त्रींनी बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडरचे भोक रुंद करून, मोठा पिस्टन घालायला सांगितले आहे आणि दुसऱ्यांनी मोठा मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचे माप ठरवणारा छिद्राचा तुकडा, घालायला. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

फिरता_पाना

आपण वेगाबरोबर मुठीचे मापही सांगितले हे फार उपयोगाचे झाले, कारण कार्ब्युरेटरला गाडी किती वेगाने धावते आहे हे कळत नाही, त्याला केवळ स्लाइड, म्हणजे मूठ पिळली की वर सरकणारी झडप, किती उचलली गेली आहे एवढेच कळते. आरएक्स १००वरचा कार्ब्युरेटर मिकुनीच्या व्हीएम मालिकेतला, गोल स्लाइडचा आहे, आणि त्याच्या प्रत्येक भागाचा अंमल मुठीच्या ठरावीक टप्प्यावर चालतो. मूठ बंद असल्यापासून एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या तळाला दिलेला तिरपा काप, पाव ते पाऊण मुठीपर्यंत स्लाइडला लटकलेली सुई आणि ती ज्यात खालीवर होते तो नीडल जेट, आणि पाऊण मुठीच्या पुढे मेन जेट. हे टप्पे एकमेकांत थोडे मिसळतात, पण अर्ध्या मुठीवर राज्य सुईचेच असते. त्यामुळे पूर्ण मुठीवर निर्दोष ओढणाऱ्या गाडीत मेन जेट बदलण्यास मला काहीही आधार दिसत नाही. बदलल्यास जो टप्पा आज चांगला आहे तोच बिघडेल.

बोअरिंगचेही तसेच आहे. सिलिंडर झिजून कॉम्प्रेशन उतरले असते तर थंड इंजिन किकला दाद देत नसते आणि ओढ सर्वच टप्प्यांवर कमी झाली असती. मधल्या एका पट्ट्यात दबून वर मोकळे होणारे इंजिन बोअरच्या झिजेचे लक्षण दाखवत नाही. मन साशंक असेल तर गेज लावून कॉम्प्रेशन मोजून घ्या, परंतु मोजल्याशिवाय सिलिंडर उतरवू देऊ नका. आरएक्सच्या सिलिंडरला प्रत्येक बोअरिंगनंतर आयुष्य कमीच उरते आणि चांगला मूळ सिलिंडर आता सहज मिळत नाही.

आता खरा प्रश्न, ज्याचे उत्तर मिळेपर्यंत गाडीला पाना लावू नये: मधल्या टप्प्यावर पेट्रोल जास्त पडते आहे की कमी? दोन्ही वेळा गाडी दबते, आणि नवख्याला दोन्ही सारखेच वाटतात. उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत, आणि पेट्रोल आधीच कमी पडत असताना ते आणखी कमी केले तर टू-स्ट्रोकचा पिस्टन तापून सिलिंडरला धरतो, म्हणजे जाम होतो.

पेट्रोल जास्त असेल तर आवाज जाड, तुटक आणि घोगरा होतो. टू-स्ट्रोक असूनही इंजिन एकाआड एक ठोका सोडल्यासारखे चालते, मागे धूर वाढतो आणि इंजिन तापल्यावर त्रास बळावतो. कमी असेल तर इंजिन पोकळ वाटते, आवाज कोरडा होतो, ओढ अचानक नाहीशी होते, आणि मूठ सोडल्यावरही आवाज लगेच खाली न येता वर रेंगाळतो.

यासाठी मुठीच्या रबरावर आणि शेजारच्या स्थिर भागावर पांढरी चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. मग मोकळ्या रस्त्यावर इंजिन पूर्ण तापल्यानंतर अर्ध्या खुणेवर मूठ स्थिर ठेवून चोक किंचित उचला. चोक म्हणजे जादा पेट्रोल. त्याने गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे, आणखी घुसमटली तर जास्त पडते आहे. चोकचा दांडा कार्ब्युरेटरवरच असल्याने हात खाली न्यावा लागतो, तेव्हा ही परीक्षा रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावरच करावी.

महालकर

पाना काकांचे म्हणणे मान्य आहे. तरी माझा अंदाज असा की पेट्रोल कमीच पडत असणार, आणि त्याचे कारण पंपावर मिळणारे इंधन. एप्रिल २०२३पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने येऊ लागले आणि आता सगळीकडे तेच मिळते. निव्वळ पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला केवळ ९ किलोच्या आसपास पुरते. २० टक्के मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या जवळ येतो. म्हणजे जेट आणि सुई तीच ठेवली तर इंजिनाला मिळणारे मिश्रण सुमारे ७-८ टक्क्यांनी पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६पर्यंत बनली, तिचे जेट ठरवताना या इंधनाचा विचार असणे शक्यच नव्हते. सुईच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि क्लिप ज्या खाचेत घालावी त्यावर सुईची उंची ठरते. माझ्या स्वतःच्या गाडीची सुई मी एक खाच वर घेतली आहे आणि ती तेव्हापासून मोकळी चालते.

याशिवाय इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डला भेगा पडल्या असतील तर तिथून शिरणारी हवा मिश्रण आणखी पातळ करते. इंजिन आयडलिंगला ठेवून त्या रबराभोवती साबणाचे पाणी शिंपडा. आवाज बदलला तर भेग आहे असे समजा.

कामठी_रोड

इंधनाच्या बाजूला सर्वांचे लक्ष लागले आहे, म्हणून इग्निशनची बाजूही मांडतो. सीडीआयचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा, ठिणगीची वेळ सांगणारा पिकअप कॉइल तापल्यावर कमकुवत झाला की गाडी ठरावीक आरपीएमवर तुटते आणि वरवर पाहता ती कार्ब्युरेटरची तक्रार भासते. कार्बन धरून अरुंद झालेला सायलेंसर, टोकाला तुटलेली किंवा वाकलेली रीड व्हॉल्व्हची (मिश्रण इंजिनात एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेची) पाती, हेसुद्धा मधल्या टप्प्याची ओढ खातात.

परंतु हे वेगळे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. इग्निशन आणि सायलेंसरचे दोष आरपीएमशी बांधलेले असतात, तर सुईचा दोष मुठीशी बांधलेला असतो. तेव्हा अर्धी मूठ दुसऱ्या गिअरमध्ये, तिसऱ्यात आणि चौथ्यात, चढावर आणि सपाटीवर धरून पाहा. प्रत्येक वेळी मुठीच्या त्याच खुणेवर गाडी दबली, वेग आणि इंजिनाचा आवाज वेगवेगळा असला तरी, तर कार्ब्युरेटरकडे वळा. उलट मूठ कितीही असो, पण इंजिनाचा सूर ठरावीक उंचीवर गेल्यावरच ती तुटत असेल तर कार्ब्युरेटरला हात लावू नका.

वर्धारोडकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे खुणा करून खापरीच्या पुढे, पहाटे आणि नंतर भर दुपारी, अशी गाडी चालवून पाहिली.

गिअर कोणताही असला तरी गाडी मुठीच्या एक तृतीयांश ते अर्ध्याच्या खुणेतच दबते. अर्ध्या खुणेवर चोक उचलल्याबरोबर ती जवळजवळ बंद पडायला आली. एअर फिल्टरचे झाकण काढून चालवली तेव्हा दबणे पूर्ण गेले नाही, पण स्पष्टपणे कमी झाले. पहाटेच्या गारव्यात त्रास सौम्य असतो आणि दुपारी उन्हात तो असह्य होतो. प्लग काढून पाहिला तर टोकाला काळी, कोरडी काजळी आहे. मॅनिफोल्डच्या रबरावर साबणाच्या पाण्याने काही फरक पडला नाही.

महालकर यांनी सांगितलेल्या इंधनाच्या हिशेबाप्रमाणे हे उलट व्हायला हवे होते, म्हणून थोडा गोंधळ उडाला आहे.

फिरता_पाना

गोंधळण्यासारखे काही नाही, कारण सर्व पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात. चोकने बिघडते, हवा मोकळी केल्यावर सुधारते, गार हवेत बरी चालते, प्लग काळा आहे: मधल्या टप्प्यावर पेट्रोल जास्त पडते आहे. महालकर यांचा इंधनाचा हिशेब बरोबरच आहे, पण तुमच्या गाडीत त्याहून मोठे काहीतरी उलट दिशेने काम करते आहे.

फ्लोटची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल राखणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी उंच असती, चोकच्या प्लंजरच्या तळाचे रबर कडक होऊन नीट बसत नसते किंवा एअर फिल्टर माखलेला असता तर दोष केवळ मधल्या टप्प्यापुरता राहिला नसता. तो केवळ मध्येच असल्यामुळे माझा संशय सुई आणि नीडल जेट यांच्या झिजेवर आहे. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ही झीज फार आढळते आणि फार थोडे लोक ती तपासतात, कारण कार्ब्युरेटर साफ करताना सुई पुसली जाते, नीडल जेटमधून हवा मारली जाते आणि दोन्ही भाग चकचकीत दिसल्याने परत बसवले जातात.

झीज कशी होते ते सांगतो. सुई स्लाइडमध्ये क्लिपवर सैल लटकलेली असते. इंजिनाच्या प्रत्येक श्वासाबरोबर ती इंजिनाच्या बाजूला ओढली जाते, पितळेच्या जेटच्या कडेला घासते आणि परत येते, आणि हे मिनिटाला हजारो वेळा घडते. त्यात आपल्याकडची बारीक धूळ मिसळते. पितळ मऊ असते, त्यामुळे गोल छिद्र हळूहळू अंडाकृती होते, आणि सुईवरही नेहमीच्या वापराच्या उंचीवर, म्हणजे नेमक्या मधल्या टप्प्यावर, चपटा पट्टा पडतो.

किती झिजेने फरक पडतो याचा अंदाज येण्यासाठी एक कल्पित माप घेऊ. समजा जेटचे छिद्र २.६० मिलिमीटर आहे आणि अर्ध्या मुठीला त्यात असलेली सुई २.४५ मिलिमीटर जाडीची आहे. पेट्रोल वर येते ते या दोहोंमधल्या कड्यासारख्या फटीतून, आणि तिचे क्षेत्रफळ सुमारे ०.६० चौरस मिलिमीटर भरते. छिद्र झिजून केवळ २.६३ झाले तर तेच क्षेत्रफळ ०.७२ होते. तीन शतांश मिलिमीटरची झीज आणि पेट्रोल सुमारे २० टक्के जास्त. इथेनॉलमुळे येणारी ७-८ टक्क्यांची उणीव त्यात कुठल्या कुठे बुडून जाते. मिकुनीच्या नीडल जेटची मापे पाच सहस्रांश मिलिमीटरच्या पटीत वाढतात, त्यावरून कारखान्याला किती बारकाईने ही फट राखावी लागते हे लक्षात यावे. पूर्ण मुठीवर मात्र सुईचे बारीक टोक वर आलेले असते, फट मेन जेटच्या छिद्राहून मोठी होते, आणि पेट्रोलचे माप मेन जेट ठरवतो. म्हणून झीज तिथे दिसत नाही आणि गाडी वर मोकळी सुटते.

सुई बाहेर काढून उजेडात बोटांमध्ये फिरवा. एका बाजूला चमकदार पट्टा दिसेल, आणि त्यावरून नख ओढले तर बारीकशी पायरी लागेल. नीडल जेट भिंगाखाली धरून त्याची वरची कड पाहा. क्लिप कोणत्या खाचेत आहे ते काढण्यापूर्वीच टिपून ठेवा.

धरमपेठ_ते_कॅनडा

मी मूळचा नागपूरचा, सध्या नोकरीनिमित्त कॅनडात आहे. इथे हिवाळ्यात बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल वापरतात. त्यांतील जुन्या गाड्यांची इंजिने टू-स्ट्रोक आहेत आणि पुष्कळांवर याच मिकुनी व्हीएम मालिकेचे मोठे कार्ब्युरेटर आहेत. अर्ध्या मुठीवर दबण्याची तक्रार इथेही अगदी नेहमीची आहे आणि तपासण्याची रीत वर सांगितली तीच आहे. एक फरक मात्र आहे. स्नोमोबाइलला गिअर नसतात, पट्टा आणि पुली यांवर चालणारा आपोआप बदलणारा ड्राइव्ह असतो. पट्टा झिजला किंवा पुलीतील स्प्रिंग थकली तरी इंजिन दबल्यासारखे वाटते, म्हणून इथले लोक कार्ब्युरेटरआधी पट्टा पाहतात. आरएक्सच्या मालकाला ही शंका घ्यावी लागत नाही.

इथली एक गोष्ट नागपूरकरांनी उचलावी अशी वाटते. स्नोमोबाइलसोबत तापमान आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांनुसार कोणता जेट घालावा आणि सुईची क्लिप कोणत्या खाचेत ठेवावी याचा तक्ता मिळतो, कारण हवा गार झाली की ती दाट होते आणि त्याच जेटवर मिश्रण पातळ पडते. आपल्याकडे असा तक्ता कोणी पाहत नाही, पण नागपूरचे हवामान तरी कुठे एकसारखे आहे? डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश धरले तर हवेच्या घनतेत सुमारे १२ टक्क्यांचा फरक पडतो. दुपारी त्रास वाढण्याचे कारण हेच: हवा विरळ, पेट्रोल तेवढेच. चिखलदऱ्याला गेलात तर नागपूरच्या ३१० मीटरवरून तुम्ही ११०० मीटरच्या आसपास चढता आणि हवा आणखी सुमारे ८ टक्क्यांनी विरळ होते. ज्या गाडीत आधीच पेट्रोल जास्त पडते ती त्या घाटात हमखास घुसमटणार.

निळा_धूर

एक शंका. प्लग काळा असण्याला टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणारे तेल) जास्त पडणेही कारण असू शकते ना? आरएक्समध्ये तेल पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत, ऑटोल्यूबचा पंप ते वेगळे देतो. आणि क्रँकचे सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना हवा-तेल अडवणारी रबरी कडी, गेले असेल तर?

फिरता_पाना

शंका रास्त आहे. पंपाची केबल अवाजवी ताणलेली असेल तर तेल जास्त पडते आणि प्लग काळा होतो, परंतु तो ओला आणि तेलकट दिसतो. इथे काजळी कोरडी आहे, म्हणजे ती पेट्रोलची आहे. तरीही पंपावरची खूण आणि केबल जुळवून घेणे चांगले. क्लचच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअर ऑइल ओढते, धूर दाट होतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचे गेले तर कोरडी हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि मूठ सोडल्यावर आवाज रेंगाळतो. यातले काहीच इथे नोंदवलेले नाही.

वर्धारोडकर

कार्ब्युरेटर पुन्हा उघडला. क्लिप वरून तिसऱ्या, म्हणजे मधल्या खाचेत होती. सुई खिडकीपाशी धरून फिरवली तेव्हा तिच्या एका अंगाला, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, आरशासारखा चमकणारा लांबट पट्टा दिसला, आणि नख त्याच्या खालच्या कडेला खरोखरच अडकले. उरलेली सुई मात्र फिक्कट आणि एकसारखी आहे. नीडल जेटची कड भिंगाखाली पाहिली तर इंजिनाकडची बाजू बाहेर ओढल्यासारखी दिसते. आधी कार्ब्युरेटर साफ करताना हेच भाग हातात असूनही मिस्त्रींपैकी कोणी याकडे लक्ष वेधले नव्हते.

सुट्या भागांच्या दुकानात पहिल्यांदा जो संच मिळाला त्यातील सुईवरचा कोरलेला क्रमांक जुन्या सुईशी जुळत नव्हता, म्हणून तो परत केला. नंतर क्रमांक जुळणारी सुई आणि नीडल जेट मिळाले. जोडी बदलून क्लिप त्याच तिसऱ्या खाचेत ठेवली.

ताशी ४० किलोमीटरला गाडी जड होणे पूर्णपणे थांबले आहे. दुपारी वर्धा मार्गावरच्या रहदारीत ती एकदाही घुसमटली नाही. परंतु आता पहाटे एक वेगळीच गोष्ट जाणवते. पाव मुठीच्या किंचित पुढे मूठ झटकन उघडली तर क्षणभर पोकळी येते आणि मग गाडी उचलते. चोक थोडा उचलला की पोकळी जाते. हे उलट झाले का?

महालकर

माझे इथेनॉल आता दिसू लागले, असे म्हणायला हरकत नाही. झिजलेला जेट जादा पेट्रोल सोडत होता तोवर पातळ मिश्रणाची उणीव आपोआप भरून निघत होती. मी खाच बदलली तेव्हा माझ्या गाडीची सुई नवी होती, ही बाब आधी सांगायला हवी होती, म्हणजे दोन्ही गाड्यांची तुलना योग्य झाली असती.

फिरता_पाना

महालकर बरोबर सांगत आहेत. नव्या सुईने गाडी कारखान्याच्या मापावर आली, पण कारखान्याचे ते माप निव्वळ पेट्रोलसाठी होते. क्लिप एक खाच खाली, म्हणजे वरून चौथ्या खाचेत घाला. क्लिप खाली गेली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या टप्प्यावर पेट्रोल वाढते. एकाच वेळी दोन खाचा बदलू नका, आणि हवेच्या स्क्रूला त्याच दिवशी हात लावू नका, नाहीतर कशाने काय झाले ते कळणार नाही.

खाच बदलल्यावर प्लगची परीक्षा अवश्य करा. शक्यतो नवा प्लग घाला, इंजिन तापवा, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या खुणेवर मूठ स्थिर ठेवून अर्धा-पाऊण किलोमीटर जा, आणि मग मूठ न सोडता क्लच दाबून त्याच क्षणी चावी बंद करा. गाडी कडेला घरंगळत नेऊन थांबवा आणि प्लग काढा. आयडलिंगवर घरापर्यंत आणून पाहिलेला प्लग आयडलिंगचा रंग दाखवतो, अर्ध्या मुठीचा नाही. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनच्या मुळाशी, आत खोलवर पाहा. तिथे दुधाळ कॉफीच्या रंगाची कडी असेल तर मिश्रण योग्य आहे. पांढराशुभ्र असेल किंवा त्यावर बारीक चकाकणारे कण असतील तर गाडी तशीच चालवू नका, कारण ते कण पिस्टनचे ॲल्युमिनियम असू शकते.

टू-स्ट्रोकला किंचित जास्त पेट्रोल सोसते, किंचित कमी सोसत नाही. सिलिंडरमध्ये येणारे ताजे मिश्रण पिस्टनला आतून थंड करते. नागपूरच्या उन्हाळ्यात, बाहेरची हवाच ४५ अंशांवर असताना, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला त्या थंडाव्याची गरज सर्वांत जास्त असते. म्हणून दुपारी मेमध्ये अगदी थोडे जड वाटले तरी चालेल, पण डिसेंबरच्या पहाटे पोकळी नको, अशा हिशेबाने खाच निवडावी.

वर्धारोडकर

चौथ्या खाचेवर पोकळी गेली. अर्ध्या मुठीच्या परीक्षेत प्लगच्या मुळाशी फिकट तपकिरी कडी आली, काळेपणा नाही आणि पांढरेपणाही नाही. चोकची परीक्षा पुन्हा केली तेव्हा चोक उचलल्यावर गाडी थोडी जड झाली, न उचलता ती मोकळी चालते. बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो. पाव मुठीपासून पूर्ण मुठीपर्यंत ओढ एकसलग आहे, पेट्रोलही पूर्वीपेक्षा कमी लागते आहे असे वाटते, पण टाकी भरून नीट मोजल्याशिवाय आकडा देणार नाही. कॉम्प्रेशन मोजून घेतले, ते चांगले आहे, त्यामुळे बोअरिंगचा विचार सोडला. सर्वांचा मी ऋणी आहे, विशेषतः पाना काकांचा, कारण त्यांच्यामुळे मूळ सिलिंडर वाचला.

काटोल_नाका

माझ्याकडे आरएक्स १३५ आहे आणि तिलाही अर्ध्या मुठीवर असेच होते. मीही सुई बदलून क्लिप चौथ्या खाचेत घालू का?

फिरता_पाना

आधी परीक्षा, मग भाग. आरएक्स १३५चे इंजिन मोठे आहे, तिची सुई आणि जेट वेगळ्या मापाचे आहेत, त्यामुळे आरएक्स १००ची खाच तिला लागू पडेलच असे नाही. मुठीवर खुणा करा, दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये दबण्याची जागा मुठीशी जुळते का पाहा, चोक उचलून पाहा, फिल्टरचे झाकण काढून पाहा, आणि ही सर्व निरीक्षणे इथे लिहा. तोवर क्लिप आहे त्या खाचेत राहू द्या आणि आत्ता इंजिनात असलेला प्लग न घासता, न पुसता तसाच कागदात गुंडाळून ठेवा, म्हणजे नंतरच्या प्लगशी त्याचा रंग ताडून पाहता येईल.